शंभर लिटरचं भांडं

१२ मे, रविवार. सकाळी ७.१०

ही वही लोव्हिसाने दिली. परवा बोटीने परत जाताना टेबलावर ठेवून गेली. म्हणाली, बाबा, मनातलं लिहीत जा, बरं वाटेल. माझ्या मनात काही नाही. पण कोरी वही वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून इथे फक्त कामाची नोंद ठेवणार. रडगाण्याला जागा नाही.

काम असं. १७ ऑगस्टला लोव्हिसाचं लग्न. इथेच, आपल्या अंगणात. लग्नाचा पहिला वाडगा आमच्या बेटावर घरच्याच द्रिकाचा लागतो. मोड आणून धुरावर वाळवलेल्या जवाचं माल्ट, जुनिपरच्या फांद्या, मध आणि घरच्या चुलीवर उकळलेली बिअर. नवरी पहिला घोट घेते, मग वाडगा हातोहात सगळ्या अंगणात फिरतो. त्या वाडग्यात कुणी दुकानातली बिअर ओतली तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत. पुढची वीस वर्षं लक्षात मात्र ठेवतात.

लोव्हिसाने जाता जाता विचारलं, आईसारखी होईल का रे द्रिका? मी म्हटलं, आईसारखी म्हणजे काय? या घरची द्रिका एकतीस वर्षं मीच करतोय. मायकेन ढवळायची, चाखायची, माल्ट आणि मधाचं बघायची, केव्हा थांबायचं ते सांगायची. पाणी सगळं मी भरायचो. बिअरमध्ये नव्वद टक्के पाणीच असतं.

लोव्हिसाने यावर बॅग उचलली. पटलं असावं.

१३ मे, सोमवार

मागचं धुणीघर उघडलं. मायकेन ९ मार्चला गेली तेव्हापासून बंद होतं. दारातच तिचे रबरी बूट. अडखळलो. गुडघा दारावर आपटला. बूट उचलायला हवेत. आज वेळ नव्हता.

भांडं पाहिलं. शंभर लिटरचं, स्टेनलेस स्टीलचं. गावातली डेअरी बंद पडली तेव्हा, अठ्ठ्याऐंशी साली, मी आणि मायकेनने हातगाडीवर घालून आणलं होतं. बाहेरून अजून नवं दिसतं. आतून बघवत नाही. तळापासून काठापर्यंत तपकिरी-पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघत नाही. वर तीन पांढऱ्या रेघा, भांड्याच्या पोटाला गोल फिरलेल्या, एकाखाली एक. बाथटब न घासणाऱ्यांच्या घरी असतात तशा.

आमच्या बेटाचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच. पण मी चाळीस वर्षं चुनखडीच्या खाणीत काढली आहेत, त्यातली बारा फोरमन म्हणून. चुन्याने मला शिकवू नये.

मायकेनला हे भांडं घासणं कधी आवडलं नाही. जुनिपरची फांदी आतून फिरवायची, गरम पाणी ओतायची, झालं. मी कितीदा घासणी घेऊन गेलो आणि कितीदा तिने मला दंडाला धरून बाहेर काढलं. आळस, दुसरं काय. नाताळची द्रिका पाणचट झाली तीही या थरामुळेच. आपल्याला चव कळेनाशी झालीये असं ती तेव्हा म्हणत होती, पण खरं कारण भांडं.

निर्णय: आधी भांडं आरशासारखं करायचं. तोवर माल्टच्या डब्याला हात लावायचा नाही. एका वेळी एकच काम. शनिवारपर्यंत भांडं तयार. जूनमध्ये एक चाचणी घेऊ, ऑगस्टमध्ये लग्नाची. वेळच वेळ आहे.

१५ मे. दुपारी

व्हिनेगर. चोवीस टक्क्यांचं, तीन बाटल्या. भांड्यात ओतल्यावर लक्षात आलं की तीन बाटल्यांनी शंभर लिटरच्या भांड्याचा फक्त तळ ओला होतो. तासभर ठेवलं. मग चूल पेटवून गरम केलं. वाफ नाकात गेली आणि बाहेर बाकावर येऊन बसावं लागलं. मेंढ्यासुद्धा कुंपणापासून लांब गेल्या.

निकाल: तळाला तळहाताएवढा भाग चकाकतोय. पद्धत बरोबर आहे, प्रमाणाचा प्रश्न आहे.

१६ मे

दुकानातलं सगळं व्हिनेगर आणलं, अकरा बाटल्या. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, काकड्या घालताय का लोणच्याला. मी हो म्हटलं. लोकांना सगळं सांगत बसायचं नसतं.

१८ मे, शनिवार

भांडं तयार नाही. चकाकणारा भाग आता ताटाएवढा झालाय. भिंतींवर परिणाम शून्य. तीन रेघा जशाच्या तशा. नवी तारीख: २५ मे.

१९ मे, रविवार

सिग्ने आली होती. सिग्ने ही मायकेनची मोठी बहीण, तीन शेतं पलीकडे राहते, वय एकोणऐंशी. या बाजूला तिच्या द्रिकाचं फार कौतुक होतं. मला ती द्रिका जरा जास्तच गोड लागते, पण मी कुणाला दुखवत नाही.

भांड्यात डोकावली. वास घेऊन तोंड वाकडं केलं. म्हणाली, मायकेन हे कधी घासत नव्हती, तू कशाला घासतोयस? मी तिला क्षारांच्या थराबद्दल शास्त्रीय माहिती दिली. ऐकून घेतल्यासारखं केलं आणि मग विचारलं, मायकेनची काठी कुठे आहे?

इथे द्रिका करणाऱ्या प्रत्येकीकडे एक काठी असते. तिला खाचा पाडलेल्या असतात: पाणी इथवर, रस इथवर. भांड्यात उभी धरायची आणि बघायचं. सिग्नेची काठी तिच्या आजीच्या वेळची आहे, पण ती तिच्या भांड्याची. आमच्या भांड्याला चालायची नाही. मी धुणीघर, माळा, सरपणाची खोली, सगळीकडे शोधलं. काठी नाही. मायकेन काठी घेऊन उभी आहे असं मला आठवतही नाही.

सिग्नेला सांगितलं, काठी लागत नाही, माप माझ्या डोळ्यांत आहे. ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग कॉफी न घेताच गेली. हल्ली ती थकत चालली आहे.

२६ मे. संध्याकाळी ५

उत्तम कल्पना. माझी आई जळकी भांडी रुबार्बचे आंबट देठ उकळून साफ करायची. जुन्या लोकांना सगळं ठाऊक असायचं. बाजारातल्या रसायनांच्या मागे लागून आपण घरातलं विसरतो.

परसात मायकेनचा रुबार्बचा वाफा आहे. ती त्याला फार जपायची, हिवाळ्यात वर शेणखत आणि पेंढा. सगळा कापला. पानांसकट तीन ढकलगाड्या. भांडं काठोकाठ भरून चार तास उकळलं. हिरवट लगदा झाला. उद्या सकाळी बघू. आज छान झोप लागणार.

२७ मे

तपकिरी थर थोडा निघालाय. पांढरा मात्र आणखी पांढरा दिसतोय. रेघा तर कुणी खडूने गिरवल्यासारख्या. तपकिरी गेल्यामुळे तसं वाटत असेल.

वाफ्याकडे बघवत नाही. पण रुबार्ब पुन्हा येतो. बुडखे आहेत.

२१ जून, मध्य-उन्हाळ्याचा सण

मधल्या दिवसांत लिहिलं नाही. कारणं: मेंढ्यांची लोकर, पाठ, पाऊस, पाऊस नसणं. शिवाय भांड्यालाही विश्रांती हवी.

लोव्हिसा आणि येस्पर आलेत. येस्पर म्हणजे होणारा जावई. मुख्यभूमीवरचा आहे पण शांत आहे. मोठ्या डेअरीत दुधाच्या टाक्या धुण्याच्या खात्यात काम करतो. हेरिंग मासे आणि नवे बटाटे खाऊन झाल्यावर तो आपणहून धुणीघरात गेला. मायकेनच्या बुटांवरून अलगद पाय उचलून गेला, हे मला आवडलं.

भांडं बघून त्याने विचारलं, यात काय काय घातलंत? मी सगळं सांगितलं. रुबार्बचं ऐकल्यावर त्याने भांड्याच्या आतून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला की बिअरच्या भांड्यातला दगड ज्या दोन गोष्टींनी बनतो, त्यातली एक पाण्यातला चुना आणि दुसरी रुबार्बच्या आंबटपणातच असते. म्हणजे मी दगड काढला नाही, पेरला.

तो पुढे म्हणाला, आधी गरम पाण्यात कॉस्टिक सोडा, त्याने वरचा चिकट थर सुटतो. मग स्वच्छ पाणी. मग लिंबूसत्व किंवा डेअरीतलं सौम्य ॲसिड. एका दुपारचं काम आहे, मी येताना घेऊन येतो. आणि मिठाच्या जातीचं काही ओतू नका, स्टीलला बारीक भोकं पडतात, मग गंज धरतो.

मी त्याचे आभार मानले. दुधाच्या माणसाला बिअरच्या भांड्यातलं काय कळणार? आणि लग्नाची द्रिका जावयाने धुतलेल्या भांड्यात करायची? मग माझं काय उरलं?

अंगणात सगळे सणाच्या, पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाचले. मीही थोडा नाचलो. मागच्या वर्षी मायकेन बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. बाक हलवायला हवा, गवत कापताना मध्ये येतो.

३० जून

ड्रिल मशीनला तारेचा गोल ब्रश लावला. भांडं आडवं करून आत शिरलो, कमरेपर्यंत. आतमध्ये आवाज असा झाला की अजून डावा कान वाजतोय. ब्रशच्या तारा सुटून सगळीकडे उडाल्या. दोन दाढीत अडकल्या. भिंतीवर असंख्य गोल ओरखडे उमटलेत. दुरून पाहिलं तर एक प्रकारची नक्षी.

रेघा आहेत. चिवट. या रेघा आणि मी, आता हा वैयक्तिक मामला झाला आहे.

१४ जुलै

लोव्हिसाचा फोन. पाहुणे सत्तर झाले. चाचणीची द्रिका कशी झाली, विचारत होती. मी म्हटलं, काम योग्य दिशेने चालू आहे. तिने विचारलं, बाबा, खरंच जमतंय ना? नाहीतर मी सिग्नेमावशीला सांगते, तिची वापरू, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, तुझ्या आईने ऐकलं असतं तर काय वाटलं असतं तिला? हे बोलायला नको होतं. ती म्हणाली, बरं, ठेवते मग.

दुपारी जुनिपर बघायला गेलो. मायकेन नेहमी एकाच झुडपाच्या फांद्या आणायची, बाकीची कडू असतात म्हणायची. ते झुडूप मला नक्की ठाऊक आहे. कुरणाच्या उत्तरेच्या भिंतीपाशी. तिथे एकोणीस झुडपं आहेत. मोजली.

परत येताना बुटांना अडखळलो.

२७ जुलै, शनिवार. सकाळी ६

ठरलं. एवढे दिवस मी माझंच ज्ञान विसरून लोकांचं ऐकत बसलो. चाळीस वर्षं मी काय केलं? दगड खरा चुनखडीचा आहे की नाही हे बघायला त्यावर ॲसिडचा थेंब टाकला. फसफसला की चुना. ॲसिडपुढे चुन्याचं काही चालत नाही. खाणीतून निवृत्त होताना आणलेला तो कॅन शेडमध्ये मागच्या फळीवर आहे. हायड्रोक्लोरिक. पाच लिटर. येस्पर मिठाच्या जातीचं काहीतरी म्हणत होता. हे मीठ नाही, ॲसिड आहे.

दुपारी १२

भांडं अंगणात नेलं. हातमोजे, चष्मा, वाऱ्याकडे पाठ. सगळं नियमाने. ओतलं.

काय आवाज तो. तोच जुना फसफस आवाज, खाणीतला. पांढरा फेस काठापर्यंत चढला. सगळ्यात वरची रेघ आधी पातळ झाली, मग तुटली, मग गेली. मग मधली. खालची जाड होती, तिला दुसऱ्यांदा ओतावं लागलं. ब्रशने फिरवत राहिलो. वीस मिनिटांत एकतीस वर्षांची घाण साफ.

पाच वेळा पाण्याने धुतलं. उन्हात उघडं ठेवलं. आरसा! अगदी आरसा! जिथे पाणी ओतलं तिथलं गवत जळालंय, पण गवत काय, येईल.

मायकेन, बघ. नको नको म्हणत होतीस.

२९ जुलै

भांड्यात थोडे तांबूस ठिपके दिसतात. सकाळच्या उन्हाचा परिणाम.

१ ऑगस्ट

संध्याकाळच्या उन्हातही दिसतात. हात लावला तर खरखरीत. पुसले की बोटाला तपकिरी लागतं. लग्नाला सोळा दिवस. काही बिघडलेलं नाही. भांडं स्वच्छ आहे, हाच मुद्दा होता.

३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी १०

ठरल्याप्रमाणे, भांडं झालं म्हणून आज माल्टचा डबा उघडला.

माल्ट आहे. पुरेसं आहे. मायकेनने जानेवारीतच भरून ठेवलंय, धुराचा वास अजून ताजा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला. तिचं अक्षर, पण वाकडं. म्हणजे जानेवारीतलंच, हात थरथरायला लागल्यावरचं. जसंच्या तसं उतरवतो.

“लोव्हिसा, हे तुझ्यासाठी. सिग्ने काठी विचारेल. माझ्याकडे काठी नाही, कधीच नव्हती. भांड्यातल्या रेघा हेच माझं माप. पाणी वरच्या रेघेपर्यंत. जुनिपर घालून उकळायचं, मधल्या रेघेवर आलं की माल्टवर ओतायचं. मग माल्टचा रस खालच्या रेघेपर्यंत आटवायचा आणि तिथे थांबायचं, कितीही मोह झाला तरी. मध एक बरणी, पण चाखून. जुनिपर भिंतीजवळचं, ज्याला मी लाल दोरा बांधलाय ते. बाबाला पाणी भरू दे, ते त्याला छान जमतं. भांडं मात्र घासू देऊ नकोस.”

दुपारी

भांड्यात डोकं घालून पाहिलं. खिडकीजवळ नेलं, फिरवून पाहिलं, ओलं करून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. कुठे काही नाही. आरशासारखं झालंय. मला फक्त मीच दिसलो, म्हातारा, दाढी वाढलेला.

तिला वाटलं असणार की द्रिका करायची म्हणजे पहिल्यांदा माल्टचाच डबा उघडला जाणार. कुणीही शहाणा माणूस तसंच करेल.

मला तिची फार आठवण येते. हे लिहायचं नव्हतं.

५ ऑगस्ट

कागद लोव्हिसाला कळवलेला नाही. लग्नाच्या गडबडीत कशाला तिच्या डोक्याला ताप? नंतर देईन.

काल लाल दोरा शोधला. सापडला, फिका होऊन गुलाबी झालाय. ते झुडूप मी मोजलेल्या एकोणिसांत नव्हतंच, भिंतीच्या पलीकडे होतं.

रेघा कुठे होत्या ते आठवायचा प्रयत्न चालू आहे. अडीच महिने मी त्यांच्याकडे रोज बघत होतो. घासायचं म्हणून बघत होतो. उंची कोण बघतं?

६ ऑगस्ट. सकाळी ८

आज करायची. आता थांबून चालणार नाही, द्रिकाला आंबायला आठवडा हवा. पाणी भरलं, बादलीने, विहिरीवरून. हे काम मला येतं. अंदाजाने थांबलो. उकळलं. अंदाजाने माल्टवर ओतलं. रस आटवला. मध घालायच्या वेळी चमचा घेऊन चाखलं आणि कळेना, काय शोधायचंय मला? ही चव मी एकतीस वर्षं प्यायलो. चुलीपाशी मात्र कधी चाखली नाही. तिथे मायकेन उभी असायची.

सगळी बरणी ओतली.

१३ ऑगस्ट

चाखली. रंग चांगला. धूर आहे, जुनिपर आहे. शेवटी जिभेवर थोडी खिळ्यासारखी चव राहते. लोह. लोह तब्येतीला चांगलं असतं, मायकेनला डॉक्टर त्याच्या गोळ्या द्यायचे.

सिग्ने आली, तिला अर्धा पेला दिला. तिने घोट तोंडात धरला, बराच वेळ. मग गिळला आणि कॉफी आहे का विचारलं. मी कॉफी केली. तिने भांड्यात डोकावून पाहिलं, ठिपके पाहिले. मी तिला कागद दाखवला. तिने दोनदा वाचला आणि घडी करून माझ्या खिशात घातला. जाताना म्हणाली की तिची द्रिका चाळीस लिटर तयार आहे, गाडीत घालून आणते, पिंपावर झाकण टाकून मागे ठेवू. पहिला वाडगा मात्र तुझाच, रूबेन. तो बदलायला मी सांगणार नाही.

१८ ऑगस्ट, रविवार. सकाळी ११

कालचं लिहून ठेवतो. हे कुणी वाचणार नाही, तेव्हा जसं झालं तसं.

ऊन होतं. सत्तर माणसं. लोव्हिसाने मायकेनची पांढरी लेस खांद्यावर घेतली होती. मी वाडगा भरला, माझ्या आजोबांचा, दोन कानांचा, लिटरभर मावतो.  वाडगा तिला दिला. सगळे गप्प झाले, होतात तसे.

तिने पहिला घोट घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिच्या भुवयांमध्ये एक बारीक आठी आली, लहानपणी औषध घेताना यायची तीच. क्षणभरच. पुढचा हात येस्परचा होता. त्याने तो पुढेही केला होता.

तिने वाडगा दिला नाही. पुन्हा तोंडाला लावला आणि पीत राहिली. लोकांना वाटलं गंमत आहे. कुणीतरी हसलं, मग टाळ्या सुरू झाल्या, पोरं मोठ्याने मोजायला लागली. ती थांबली नाही. डोळे मिटलेले, मानेची शीर ताठ. लिटरभर द्रिका नवरीने एकटीने संपवली आणि वाडगा उलटा करून सगळ्यांना दाखवला. एक थेंब पडला नाही. अंगण डोक्यावर घेतलं लोकांनी. म्हणाले, असं लग्न पाहिलं नाही, मायकेनचीच लेक शोभते.

सिग्नेने मागून आपलं पिंप उघडलं आणि दुसरा वाडगा भरला. तो फिरला.

मुलीने माझी द्रिका दुसऱ्या कुणाच्या जिभेला लागू दिली नाही. मी तिथेच उभा होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

१९ ऑगस्ट. बंदरावरून आल्यावर

बोट सुटायच्या आधी कागद दिला. भांड्याचंही सांगितलं, सगळं: व्हिनेगर, रुबार्ब, ड्रिल, ॲसिड. येस्पर सामान घेऊन पुढे गेला. समजूतदार आहे.

तिने उभ्याउभ्याच वाचला. शेवटच्या ओळीला हसली, आणि ते हसू मध्येच मोडलं. मला धरून ती रडली. मीही रडलो, बंदरावर, लोकांसमोर. चाळीस वर्षांत खाणीत कुणी मला रडताना पाहिलं नव्हतं.

मग नाक पुसून म्हणाली, “बाबा, आईला ठाऊक होतं तू घासणार. म्हणून तर लिहिलंय.”

मी म्हटलं, डबा आधी उघडायला हवा होता.  तिने कागद पर्समध्ये ठेवला. शिडीवर चढता चढता मागे वळली.

“पाणी बरोबर होतं रे.”

ती हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. पाणी अंदाजाने होतं. मी होकारार्थी मान हलवली.

उरलेली पन्नासएक लिटर द्रिका आज जळक्या गवतावर ओतली.

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९

सातवा शनिवार.

पाणी भरलं. विहिरीवरून, अकरा बादल्या. येस्परने पाठवलेल्या पेस्टने गंज बराच गेलाय, बारीक भोकं राहिलीत. मायकेन हात घालून ढवळायची तेव्हा वरची रेघ तिच्या कोपराच्या दोन बोटं खाली यायची. तिचा कोपर कुठे यायचा हे मला आठवतं. असं वाटतं तरी. तिथवर भरतो आणि उकळतो.

सिग्ने डोकावून गेली. विचारलं, नुसतं पाणी उकळतोयस? मी म्हटलं, रेघ धरतेय का बघतोय. ती म्हणाली, रूबेन, त्या रेघांना एकतीस वर्षं लागली. मी म्हटलं, ठाऊक आहे. मला डिसेंबरमध्ये बहात्तरावं लागेल. पुढचं गणित केलं नाही. ती बाकावर बसली आणि पाण्याला उकळी येईपर्यंत थांबली. बुटांचं काही बोलली नाही. ते दारातच आहेत, आता मी न बघताच ओलांडतो.

पाणी गार झाल्यावर ओतून दिलं. भांडं पुसलं नाही. उन्हाकडे करून आत पाहिलं.

अजून काही नाही.